गिरणीवाला कॅरीबॅग देत नाही

धाराशिव जिल्ह्याचे तालुके आठ. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. आठही पालथे घाला, गिरणीत हात हलवत आलेलं आणि ‘पीठ कॅरीबॅगमध्ये घाला’ म्हणणारं गिऱ्हाईक सापडायचं नाही. दळण डब्यातून येतं आणि डब्यातूनच जातं. झाकणाची कडी तुटली असेल तर सुतळी बांधलेली असते आणि ‘ज्वारीवर टाका, गव्हावर नको’ ही सूचना तोंडी दिलेली असते. रेशनच्या गव्हालाही घरची थैली जाते. रतिबाच्या दुधाला घरचं पातेलं पुढं येतं, आणि शेजारच्या पंगतीतलं उरलेलं वरण आणायला घरचाच डबा निघतो. यातल्या कशासाठीही शासनानं अधिसूचना काढली नव्हती, प्रभातफेरी निघाली नव्हती की शाळेत निबंध स्पर्धा झाली नव्हती. आणि हाच माणूस गिरणीतून निघून वीस पावलांवरच्या भाजीच्या गाड्यापाशी पोचला, की एका काखेत पिठाचा डबा धरून दुसरा हात पुढं करतो : “मावशी, कॅरीबॅग द्या की.” प्लॅस्टिकबंदीची चर्चा निघाली की ‘लोकांची सवयच गेली हो’ असा एक सुस्कारा हमखास ऐकू येतो. माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो. सवय शाबूत आहे. ती कुठल्या दुकानी न्यायची आणि कुठल्या दुकानी घरी ठेवायची, हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक आहे. गिरणीवाला देत नाही म्हणून मागायचं नाही, भाजीवाली देते म्हणून मागायचं. छोटा दुकानदार बंदी का पाळत नाही याचं उत्तर या व्यवहारात दडलेलं आहे, आणि आपण मात्र ते त्याच्या पर्यावरणप्रेमात शोधत बसलो आहोत.

कायद्यानंही या व्यवहाराकडे कधी पाहिलं नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबई बुडाली, गटारं तुंबल्याचं खापर पिशव्यांवर फुटलं आणि 2006 साली महाराष्ट्रानं अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. तुंबली मुंबई आणि नियम लागला भूम-परंड्याला, जिथं एरवी तुंबायला पाणीच शोधावं लागतं. पुढं पाडव्याच्या सुमारास गाजावाजा होऊन 23 मार्च 2018 ची अधिसूचना आली आणि तीन महिन्यांची सवड संपून 23 जूनपासून बंदीचा अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि वर तीन महिने कैद. कारवाईचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांपासून तलाठी-ग्रामसेवकांपर्यंत इतक्या जणांना दिले, की त्या सगळ्यांनी एकाच दिवशी बाजार करायला जायचं ठरवलं असतं तर बंदी तिथल्या तिथं यशस्वी झाली असती. पण आठवडा उलटतो न उलटतो तोच किराणा दुकानदारांना पॅकिंगपुरती सवलत मिळाली. केंद्रानंही 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंची यादी बंद केली. तिच्यात फुग्याची काडी आहे, आइस्क्रीमची काडी आहे, प्लॅस्टिकचे चमचे आहेत, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा पातळ पापुद्राही आहे. इतकी बारीक यादी करणाऱ्याला भाजीबाजाराचा अनुभव नसेल असं म्हणवत नाही. मात्र बाजाराला तो रिकाम्या हातानं जात असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे.

जाडीची गोष्ट तर याहून रंगतदार. 1999 साली केंद्राच्या नियमात पिशवी किमान 20 मायक्रॉनची हवी होती. 2011 साली 40 ची झाली, 2016 साली 50 ची, 30 सप्टेंबर 2021 पासून 75 ची आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 ची. पगारवाढ इतक्या नेमानं फार थोड्यांची झाली असेल. यामागचं कारण चुकीचं नव्हतं. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट वाटणार नाही. शिवाय तिला वजन असतं, म्हणून कचरावेचक ती उचलतात. पातळ पिशवी उचलून कुणाच्या पदरात काही पडत नाही, म्हणून ती बाभळीच्या काट्याला अडकून फडफडत राहते. पण हे कागदावरचं शहाणपण हातगाडीपाशी येऊन अडतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉनचा. आता नळदुर्गच्या भाजीवालीनं सकाळी घाऊक पुडका घेताना जाडी कशी ओळखावी? घाऊकवाला सांगतो, छापलंय वाचा. पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि जाडी छापलेली असावी असा नियम आहेच. पण जो माणूस बेकायदा पिशवी काढतो, त्याला तिच्यावर कायदेशीर आकडा छापायला कितीशी शाई लागणार? पथकाकडेही बहुधा जाडी मोजायचं यंत्र नसतं. मग अंगठा आणि तर्जनीत पिशवी धरून चोळायची, कानाशी नेऊन कुरकुर ऐकायची आणि पंचनामा लिहायचा. त्यातून राज्याच्या बंदीत कॅरीबॅग मुळातच चालत नाही, जाड असो की पातळ. म्हणजे केंद्र जाडी विचारतं, राज्य जात विचारतं आणि भाजीवाली विचारते, की साहेब, कोथिंबीर कशात घालू?

याहून बारीक कलम पॅकिंगचं आहे. केंद्राच्या 2016 च्या नियमांप्रमाणे जो माल आधीच बंद करून ठेवला आहे, त्याच्या वेष्टणाला कॅरीबॅग म्हणत नाहीत. म्हणजे पाव किलो चिवडा दुकानदारानं सकाळी सीलबंद करून खिळ्याला लटकवला तर ते वेष्टण झालं. तोच चिवडा संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर भरून कॅरीबॅगमध्ये दिला तर तो गुन्हा झाला. चिवडा तोच, शेंगदाणेही तेच. फरक काय तो वेळेचा. आणखी एक कलम असंच मासलेवाईक होतं. ज्या दुकानदाराला किंवा फेरीवाल्याला प्लॅस्टिकची कॅरीबॅग द्यायची असेल त्यानं स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि वर्षाला किमान 48,000 रुपये, म्हणजे महिन्याला 4,000 भरावेत, असं 2016 च्या नियमांत लिहिलं होतं. मेथीची जुडी विकणाऱ्या बाईनं पिशवी देण्याच्या मानापोटी महिन्याला 4,000 रुपये भरावेत, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मेथीचा भाव कुणीतरी सांगायला हवा होता. 2018 च्या दुरुस्तीत ते कलम काढून टाकलं. तेव्हा फेरीवाल्यांना हायसं वाटलं असं म्हणता येत नाही, कारण ते कलम होतं हेच त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. भाजीच्या ओळीत पंधरा जणी बसलेल्या आहेत असं समजा. माल सगळ्यांचा सारखा, भावही एकमेकींकडे बघून ठरलेला. गिऱ्हाइकाला एकीला सोडून दुसरीकडे जायला पाय उचलायचीही गरज नाही, मान वळवली की झालं. अशा ओळीत एकीनं ठरवलं की आजपासून कायदा पाळायचा. गिऱ्हाईक म्हणालं, “मावशी, कॅरीबॅग?” ती म्हणाली, “बंद झाली ओ दादा.” दादा वाद घालत नाही, पर्यावरणाच्या विरोधात भाषण करत नाही. हातातली दोडकी अलगद खाली ठेवतो आणि शेजारणीकडे वळतो. संध्याकाळपर्यंत कायदा पाळणारीची पालेभाजी सुकते आणि मोडणारीची टोपली रिकामी होते. दुसऱ्या दिवशी पहिलीसुद्धा पिशवीचा गठ्ठा मांडीखाली घेऊन बसते. यात लबाडी कुठं आहे? उलट तिनं बाजाराचा नियम तंतोतंत पाळला. एकट्यानं पाळला तर तोटा आणि सगळ्यांनी पाळला तर कुणाचाच तोटा नाही, अशी ही गोष्ट आहे. गिरणीवाल्याला ही अडचण येत नाही, कारण शेजारचा गिरणीवालाही देत नाही. रेशन दुकानदाराला तर शेजारचा दुकानदारच नसतो. तेव्हा दोडक्यांच्या आणि दळणाच्या गिऱ्हाइकात नैतिक फरक काडीचाही नाही. फरक आहे तो सगळ्यांनी एकदम ‘नाही’ म्हणण्याचा.

आणि हे एकदम ‘नाही’ म्हणणं शासनाला जमतच नाही असंही नाही. ते दरवर्षी चार दिवस जमतं. त्याला मोहीम म्हणतात. वरून पत्र येतं, नगर परिषदेचं पथक निघतं, स्वच्छता निरीक्षक पुढं, मागं घंटागाडी, सोबत फोटो काढणारा. पहिल्या चौकातल्या पहिल्या दुकानात पावती फाटते तेव्हा शेवटच्या चौकातल्या शेवटच्या दुकानातला गठ्ठा पोटमाळ्यावर गेलेला असतो, कारण बातमी पथकापेक्षा जोरात धावते. त्या चार दिवसांत गंमत बघण्यासारखी असते. सगळे दुकानदार ‘बंद आहे’ म्हणतात आणि गिऱ्हाइकं मुकाट घरून थैली आणतात. विसरलेला माणूस रुमालात लिंबं बांधतो, सदऱ्याच्या ओच्यात वांगी घेतो, मोटारसायकलच्या डिकीत टोमॅटो कोंबतो. कुणी उपाशी राहत नाही. मग पाचव्या दिवशी पथकातले लोक दुसऱ्या कामाला जुंपले जातात, कारण तीच माणसं घरपट्टीचीही असतात आणि निवडणुकीचीही, आणि पोटमाळ्यावरचा गठ्ठा खाली येतो. गिऱ्हाईक यातून एकच धडा घेतं : चार दिवस दम धरायचा. दंडाच्या आकड्यानंही इथं हातभार लावला आहे. 5,000 रुपये हा दंड ज्या गाड्यावर लावायचा, त्या गाड्यावरचा सगळा माल विकला तरी तेवढे होत नाहीत. पावती फाडणाराही माणूसच असतो, त्याला ते दिसतं. म्हणून तो दम देतो, गठ्ठा उचलतो आणि पुढं जातो. झेपणार नाही इतका दंड शेवटी कुणीच भरत नाही, आणि वीस रुपयांचा दंड लावायची कायद्याला लाज वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की कापडी पिशव्या आणायच्या कुठून? हा प्रश्न निदान या जिल्ह्यात तरी विचारू नये. तेर याच जिल्ह्यातलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात तगर म्हणून जे गाव येतं ते हेच, आणि तिथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे, तिथून पुढं पश्चिमेच्या बाजारांत. रोमन साम्राज्याला कापड पुरवलेल्या मुलखाला आता अर्धा मीटर मांजरपाट कुठं मिळतो हे कळेनासं झालं आहे, हे कुणाला खरं वाटावं? बरं, पिशव्यांचा तुटवडा आहे असंही नाही. प्रत्येक घरात दाराआड एक खिळा असतो, त्याला एक पिशवी असते आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या असतात. लग्नाच्या बस्त्याबरोबर कापड दुकानाचं नाव छापलेली जाड थैली येते. बियाणं कंपनीची येते, पतसंस्थेची येते. इतकं असून दर मोहिमेत एक कार्यक्रम होतोच, तो म्हणजे कापडी पिशव्यांचं वाटप. महिला बचत गटाकडून पिशव्या शिवून घेतात, हे चांगलं आहे. मान्यवरांच्या हस्ते वाटतात, हेही समजू शकतं. पण मान्यवरांच्या पाठीमागं ‘प्लॅस्टिकमुक्त शहर’ असं लिहिलेला जो फलक ताणलेला असतो तो पीव्हीसीचा असतो, आणि त्यांना दिलेला पुष्पगुच्छ चकचकीत पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो. वाटलेली पिशवी घरी जाते आणि दाराआडच्या पिशवीत बसते. तिला बाहेर पडायचं कारणच नसतं, कारण भाजीवाली देतेच आहे.

पिशव्यांच्या या जगात दोन नमुने बघण्यासारखे आहेत. एक म्हणजे दुकानदार ज्याला हमखास कापडी म्हणतो ती रंगीत, थोडी खरखरीत, वरच्या बाजूला हात घालायला भोक असलेली पिशवी. व्यापारात तिला डी-कट म्हणतात. ती विणलेली नसते आणि कापसाचीही नसते. ती पॉलीप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. 2018 च्या बंदीत तीही होती, आणि पुढं केंद्राच्या नियमांत तिला चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची अट आली. कापडाचा वेश घेतलेली ही पिशवी दोनदा वापरली की भोकापाशी फाटते, पण तोवर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आपण कायदा पाळल्याचं समाधान मिळालेलं असतं. दुसरा नमुना म्हणजे युरियाच्या रिकाम्या गोणीची शेतकऱ्यानं शिवून घेतलेली पिशवी. दोन्ही बाजूंना दुहेरी शिलाई, जाड पट्ट्याचे बंद, पोटावर खताचं पुसट झालेलं नाव आणि ‘हुक वापरू नये’ ही सूचना. हीसुद्धा प्लॅस्टिकचीच. पण ती सायकलच्या हँडलला लटकून दहा-दहा वर्षं बाजार करते, पाच किलो कांदे हूं की चूं न करता उचलते, आणि शेवटी तिच्यात कोंबडीच्या खुराड्याचं दार होण्याइतका जीव उरतो. आकांक्षित जिल्हा म्हणून 2018 साली नीती आयोगाच्या यादीत गेलेल्या या मुलखात ‘पोटाचे वांदे असताना पिशवीचं काय घेऊन बसलात’ असं म्हणणाऱ्यांना मी या गोणीकडे बोट दाखवीन. गरिबीत माणूस वस्तू टाकत नाही. टाकायची वस्तू त्याला फुकट मिळायला लागली तेव्हाच तो टाकायला शिकला. आणि पिशव्यांचा त्रास तरी आधी कुणाला होतो? गरिबाची गाय म्हणतात ती शेळी उकिरड्यावर चरते, शिळ्या भाजीच्या वासानं पिशवीसकट गिळते आणि ती पोटात साठून जनावर खंगतं. जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं, शेळीच्या जातीचं नाव मात्र उस्मानाबादीच राहिलं. पोट दोघांचंही एकाच कचऱ्यावर चालू आहे असं व्हायला नको.

दुसरा आक्षेप ओल्या मालाचा. दही, रस्सा, मटण, पाकातले गुलाबजाम हे काय रुमालात बांधायचं? नाही, डब्यात न्यायचं. ज्याला धाराशिवच्या गुलाबजामची ओढ आहे त्यानं किलोभर गुलाबजामसाठी एक डबा उचलावा, यात त्याच्यावर फार मोठा अन्याय होतो असं मला वाटत नाही. डबा विसरला तर दुकानदारानं डिपॉझिट घेऊन द्यावा. सोड्याच्या काचेच्या बाटलीला आपण वर्षानुवर्षं डिपॉझिट भरत आलो. तुळजापूरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. नवरात्रात आणि कोजागरीला तिथं महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं येतात, चालत येतात, वर्षातून एकदा येतात. त्यांना कोण सवय लावणार? पण ओटीच्या दुकानात मांडलेला माल जवळून बघा. नारळ, खण, लुगडं, बांगड्या, हळदीकुंकू. यातला खण म्हणजे कापड, लुगडं म्हणजे तर कितीतरी वार कापड. ओटी बांधायची रीतच मुळी खणात नारळ ठेवून गाठ मारायची आहे. म्हणजे कापडात बांधलेली, कापडानं भरलेली वस्तू आपण देवीपर्यंतच्या वाटेसाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो. पिशवीशिवाय जगातली कुठली वस्तू नेता येत असेल तर ती ओटी. शिवाय त्याच वाटेवर गळ्यात कवड्यांची माळ घातलेल्या आराधिणी हातात परडी घेऊन चालत असतात. जोगवा मागायचा तर स्वतःचं भांडं न्यावं लागतं, ही अट देवीच्या दारात आधीपासूनच आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे, आणि तो दुकानदारच घेतात. कुरकुऱ्यांच्या, शाम्पूच्या, गुटख्याच्या पुड्या कंपन्या लाखांनी काढतात, त्यांना कुणी विचारत नाही, आणि आमच्या मेथीच्या पिशवीवर पंचनामा. कारखाने बंद करा, पिशवी आपोआप बंद होईल. म्हणणं बरोबर आहे. कंपन्यांवर वेष्टणं परत गोळा करण्याची जबाबदारी कागदावर टाकलेली आहे, पण उकिरड्यावर पाहिलं तर ती पार पडल्यासारखी वाटत नाही. 2018 च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला किमान 50 पैसे देऊन ती परत घ्यायची योजना होती. ते 50 पैसे कुणाच्या हातात पडले असतील तर त्यानं ते जपून ठेवावेत. पण कारखाना बंद करणं भूमच्या किंवा मुरूमच्या नगर परिषदेच्या हातात नाही. उमरग्यातून सोलापूर–हैदराबाद महामार्ग जातो, पलीकडे कर्नाटक लागतो. कर्नाटकानं मार्च 2016 मध्येच प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. सीमेच्या अलीकडे बंदी, पलीकडे बंदी, आणि दोन्हीकडच्या बाजारात पिशवी. ती कुठून येते याचा शोध ज्यांनी घ्यायचा त्यांनी तो जरूर घ्यावा. मोठा चोर सुटला म्हणून गल्लीचं दार उघडं ठेवावं, असं मात्र यातून निघत नाही.

मग करायचं काय? आयर्लंडनं मार्च 2002 मध्ये पिशवीवर 15 सेंटची पट्टी लावली आणि वर्षाच्या आत पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. तिथं बंदी नव्हती, कैद नव्हती. फुकट मिळणारी वस्तू विकत झाली आणि माणसं घरून पिशवी आणू लागली. तिकडचं इकडं चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी पुण्या-सोलापूरच्या मॉलमध्ये पैसे भरायच्या रांगेत उभं राहावं. “पिशवीचे दहा रुपये होतील” हे वाक्य ऐकताच चार हजारांची खरेदी केलेला माणूस सगळं सामान छातीशी कवटाळून गाडीपर्यंत जातो. पिशवीची खरी किंमत आपल्याला तिथं कळते. पण भाजीच्या ओळीत ही पट्टी कोण वसूल करणार? इथं मराठवाड्याच्या बाजारात एक माणूस आधीपासून हजर आहे आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. तो तहबाजारीवाला, म्हणजे बाजारात बसण्याची पट्टी गोळा करणारा. दर आठवडी बाजाराला, ऊन असो की पाऊस, तो पावतीपुस्तक घेऊन ओळीतल्या प्रत्येकापुढं उभा राहतो. मोहिमेचं पथक वर्षातून एकदा येतं, हा दर आठवड्याला येतो. पथक चार जणांना गाठतं, हा पंधराच्या पंधरा जणींना गाठतो. जे एकदम ‘नाही’ म्हणणं आपल्याला हवं आहे, ते घडवायला याच्याइतका लायक माणूस दुसरा नाही. नगर परिषदेनं ठराव करावा : ज्याच्यापाशी कॅरीबॅगचा गठ्ठा दिसेल त्याची त्या दिवशीची तहबाजारी दुप्पट, पावतीवर तसं छापून. रक्कम लहान, पण चुकवता न येणारी, आणि शेजारणीलाही तीच. 5,000 च्या धाकानं जे होत नाही ते दर आठवड्याच्या या चिमट्यानं होईल.

यावर कुणी म्हणेल, की तहबाजारी बऱ्याच ठिकाणी ठेक्यानं जाते, ठेकेदाराच्या माणसाच्या हातात असा अधिकार दिला तर तो नवा धंदा सुरू करील. करील, शक्यता आहे. म्हणून जादा रक्कम ठेकेदाराच्या खिशात न जाता नगर परिषदेच्या खात्यावर जावी आणि पावतीचा रंग वेगळा असावा. पिवळी पावती कुणाकडे किती, हे मुख्याधिकाऱ्यांना बाजार उठायच्या आत मोजता येईल. कुणी म्हणेल, की जे मुळातच बेकायदा आहे त्याच्यावर पट्टी घेणं म्हणजे त्याला परवाना देणं. तोही मुद्दा आहे. पण आजही परवाना आहेच, फक्त तो फुकट आहे, आणि वर्षातले चार दिवस सोडून चालतो. ठरावात जप्ती कायम ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कायद्यातला मोठा दंड कायम ठेवा, पण पहिली पायरी चढता येण्याजोगी असू द्या. आणि बाजाराच्या तोंडाशी एक टेबल टाकून बचत गटाला कापडी पिशव्या विकायला बसवा. विकायला, वाटायला नाही. विसरलेल्या माणसाला एकदा वीस-तीस रुपये मोजावे लागले की दाराआडचा खिळा त्याला पुढच्या बाजारी आठवतो.

जिल्ह्यात आठ नगर परिषदा आहेत, लोहारा आणि वाशी या नगर पंचायती आहेत. सगळ्यांनी एकदम करायची गरज नाही. एकीनं एका आठवडी बाजारात सलग तीन महिने हे करून बघावं. फलक लावू नये, मान्यवर बोलावू नयेत, पुष्पगुच्छ आणू नये. भाजीवाल्यांना आधी आठ दिवस सांगावं, की ओळीतल्या सगळ्यांना एकच नियम आहे. खर्च काय तो पिवळ्या पावतीपुस्तकाचा, आणि तेवढा खर्च मुख्याधिकाऱ्यांच्या अधिकारात बसतो.